हापूस थेट गिऱ्हाइकाला विकायचाय, इन्स्टा आणि व्हॉट्सॲप नेमकं कसं वापरायचं?

देवगडची_लेक

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय, वेळ असेल तर नक्की वाचा.

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे, दोनशेच्या आसपास कलमं, त्यातली बरीचशी आजोबांनी लावलेली. बाबा आजवर सगळा माल वाशीला दलालाकडे पाठवत आलेत. पेटी इथून गाडीत चढली की नंतर हातात येते ती पट्टी, म्हणजे दलालाचा हिशोब, त्यात दलाली, हमाली, गाडीभाडं सगळं कापून जे उरेल ते आपलं, आणि त्या दिवशी मार्केटला भाव काय फुटला यावर आपला काहीच ताबा नाही. म्हणून मी ठरवलं की थोडा तरी माल थेट गिऱ्हाइकाला द्यायचा. इन्स्टाग्रामवर पेज काढलं, मोहराचे, कलमांचे, काढणीचे व्हिडिओ टाकले, एका रीलला तर खूपच व्ह्यूज आले, फॉलोअर पण वाढले, पण ऑर्डर आल्या त्या जवळजवळ सगळ्या नातेवाइकांच्या आणि ओळखीतल्यांच्या. बाकी लोक "रेट काय" एवढं विचारतात, मी रेट इनबॉक्स करते आणि पुढे काही उत्तरच येत नाही.

आता पुढच्या हंगामाची तयारी करायचीय. रोज पोस्ट टाकायची का, जाहिरातीला पैसे घालावेत का, आणि एक फूड ब्लॉगर फुकट पेटीच्या बदल्यात रील करून देतो म्हणतोय त्याला हो म्हणू का? व्हॉट्सॲपवर ग्रुप काढावा का? ज्यांनी खरंच माल विकलाय त्यांनी सांगा प्लीज, कारण यूट्यूबवर जे कोर्सवाले सांगतात ते सगळं कपड्यांच्या नाहीतर कॉस्मेटिकच्या धंद्याचं असतं, आंब्याला ते कसं लावायचं तेच कळत नाही.

रत्नांग्रीचा_बागायतदार

ताई, आधी व्ह्यूज आणि ऑर्डर डोक्यात वेगळे करा. मोहराची रील कुणीही बघतो, नागपूरचा, दुबईचा, त्याला कोकण बघायचं असतं, आंबा घ्यायचा असतोच असं नाही. आपला हंगाम म्हणजे खरा जोर मार्च अखेर ते मे, आणि माल ठरलेला, झाड काय ऑर्डर आली म्हणून जास्त धरत नाही. दोनशे कलमांना लाखभर फॉलोअर घेऊन करायचं काय? तुम्हाला हवीत अशी घरं जी दरवर्षी तुमच्याकडूनच पेटी घेतील आणि ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह असेल. इन्स्टाचं काम एवढंच की अनोळखी माणसाला तुमच्यापर्यंत आणून सोडायचं. विक्री होते व्हॉट्सॲपवर, आणि माझा तरी सगळा धंदा तिथूनच चालतो.

साधं ॲप नको, व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे. एक सिमकार्ड फक्त आंब्यासाठी ठेवा. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो, एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, पण मेसेज फक्त त्यालाच जातो ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय. स्टेटसचं पण तेच. म्हणजे तुमच्याकडे हजार नंबर असले आणि त्यांच्याकडे तुमचा नसला तर काहीच उपयोग नाही. त्यासाठी मी प्रत्येक पेटीत एक छोटं कार्ड टाकतो, त्यावर बागेचं नाव, नंबर, क्यूआर कोड आणि लिहिलेलं असतं की "हा नंबर सेव्ह करून आंबा असा मेसेज पाठवा, पुढच्या वर्षी पहिली काढणी सुरू झाली की तुम्हाला आधी कळवू". लोक खरंच पाठवतात, कारण पहिल्या पेटीची प्रत्येकाला हौस असते.

मग लेबलं लावायची. "गेल्या वर्षीचे", "पुणे", "ठाणे", "पाडव्याला हवा", "अक्षय्य तृतीयेला हवा", "पैसे आले", "पेटी निघाली". एप्रिलमध्ये एकदम मेसेज कोसळायला लागले की ही लेबलंच वाचवतात, नाहीतर कुणाला पेटी गेली आणि कुणाची राहिली याचा पत्ता लागत नाही. क्विक रिप्लाय पण करून ठेवा. पेटी पोचली की माझ्याकडून ठरलेला मेसेज जातो की पेटी लगेच उघडा, फळं पेंढ्यावर नाहीतर कागदावर सुटी पसरा, फ्रीजमध्ये ठेवू नका, देठाजवळ बोटाने हळू दाबून मऊ लागलं आणि वास सुटला की मगच कापा. शहरातल्या निम्म्या तक्रारी पेटी तशीच बंद ठेवल्यामुळे येतात, फळ आतल्या आत उबतं आणि मग नाव आपलं खराब.

ग्रुप मात्र काढू नका. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि बऱ्याच लोकांना ते आवडत नाही, न विचारता ॲड केलं की लोक रिपोर्ट करतात, आणि जास्त रिपोर्ट झाले की नंबर बंद पडू शकतो. ऐन एप्रिलमध्ये नंबर बंद पडला तर काय होईल विचार करा. फारच वाटलं तर व्हॉट्सॲप चॅनेल काढा, तिथे फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

कोथरूडकर

मी विकणारी नाही, घेणारी आहे, तर आमच्या बाजूने सांगते.

"रेट इनबॉक्स केलाय" हे वाचलं की मी पुढे जाते. का लपवताय असं वाटतं. सरळ पोस्टमध्ये लिहा ना, आजचा भाव इतका, पुण्यात घरपोच इतका, आणि तारीख घाला, भाव उतरला की नवीन पोस्ट टाका. आम्हाला माहितीय की पाडव्याला भाव चढा असतो आणि मे महिन्यात उतरतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

दुसरं, पेटी पेटी म्हणता पण शहरातल्या माणसाला पेटी म्हणजे काय ते कळत नाही. चार डझनाची, पाच डझनाची, सहा डझनाची, यात जितके डझन जास्त तितकं फळ लहान हे मला किती वर्षांनी समजलं, तोवर मला वाटायचं सहा डझनाची स्वस्त पडतेय. तर वजनकाट्यावर फळ ठेवून फोटो टाका, हे चार डझनातलं फळ इतके ग्रॅम, हे सहा डझनातलं इतके ग्रॅम. असा एक फोटो दहा निसर्गसुंदर रीलपेक्षा जास्त कामाचा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खरं सांगा. आमची भीती दोनच गोष्टींची, एक म्हणजे कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून गळ्यात मारतील, आणि दुसरं कार्बाइड, म्हणजे केमिकल घालून पिकवलेला आंबा. तुमची आंबा पिकवायची आढी दाखवा, पेंढ्यात कसं लावता, किती दिवसांनी पिवळं पडतं ते रोज त्याच जागेवरून फोटो काढून दाखवा. फळ कापल्यावर साका निघाला, म्हणजे आतला गर खराब निघाला, तर काय करता ते आधीच लिहून ठेवा. साका बाहेरून ओळखता येत नाही हे मला माहितीय, पण "फोटो पाठवा, तितकी फळं बदलून देऊ किंवा पैसे परत करू" असं ज्याच्या पेजवर लिहिलेलं असतं त्याच्याकडून मी डोळे झाकून घेते. मी गेली काही वर्षं ज्यांच्याकडून घेते ते बागायतदार एकदा स्वतःहून म्हणाले की ताई, या आठवड्यात पाऊस झालाय, फळाला गोडी कमी आहे, पुढच्या आठवड्यात घ्या. त्या एका मेसेजनंतर मी आमच्या सोसायटीतल्या कितीतरी जणांना त्यांचा नंबर दिला.

देवगडची_लेक

कोथरूडकर ताई, मनापासून आभार, वजनकाट्याचं तर आम्हाला सुचलंच नव्हतं कारण आमच्याकडे लहान पोराला पण पेटी म्हणजे काय ते माहीत असतं. रत्नागिरीवाले दादा, कार्डाची कल्पना लगेच करते. पण मग इन्स्टावर नेमकं काय टाकायचं आणि किती वेळा? आणि जाहिरातीचं कुणीच बोललं नाही.

डोंबिवली_डिजिटल

मी हेच काम करतो, लहान व्यावसायिकांची पेजेस सांभाळतो, त्यात दोन फळवाले पण आहेत. मुद्दे क्रमाने नाही लिहीत, जसं आठवेल तसं.

रोज पोस्ट टाकायची काही गरज नाही. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं होतं की रील पुढे नेताना मुख्य बघतात ते लोक किती वेळ बघतात, लाइक किती करतात आणि दुसऱ्याला किती पाठवतात. यातलं पाठवणं तुमच्यासाठी सोन्यासारखं आहे, कारण नवीन माणसापर्यंत पोचायला तेच कामी येतं. आता विचार करा, माणूस काय पाठवतो? मोहराचा व्हिडिओ बघून लाइक करतो आणि पुढे जातो, पण "देवगड हापूस आणि कर्नाटक हापूस शेजारी ठेवून कसा ओळखायचा" हे बायको नवऱ्याला पाठवते, नवरा ऑफिसच्या ग्रुपवर टाकतो. "पेटी घरी आल्यावर काय करायचं", "देठ ठेवून का काढतात, चीक सांडला तर फळावर डाग कसा पडतो", "झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) काढलेला आंबा आणि खाली पडलेला आंबा", असे विषय घ्या. तुमच्याकडे हे ज्ञान घरात आहे, आम्ही शहरात बसून ते बनवू शकत नाही. बाबांना कॅमेऱ्यासमोर आणा, त्यांना त्यांच्या भाषेत बोलू दे, मालवणी असेल तर मालवणीत, खाली मराठीत अक्षरं टाका कारण बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात.

गाण्यांचं सांभाळा. बिझनेस अकाउंटला सगळी फिल्मी गाणी वापरता येत नाहीत, हक्काचा प्रश्न असतो आणि रीलचा आवाज बंद होऊ शकतो. बागेचा स्वतःचा आवाज ठेवा, पक्षी, झेल्याची काठी, पेटीला खिळे ठोकण्याचा आवाज, लोकांना तेच आवडतं.

हॅशटॅगचा ढीग लावू नका, त्याने रीच वाढत नाही हे पण मोसेरींनीच सांगितलंय. त्याऐवजी कॅप्शनमध्ये माणूस जे शोधतो ते साध्या वाक्यात लिहा, "देवगड हापूस पुण्यात घरपोच, बागेतून थेट". जुलै २०२५ पासून प्रोफेशनल अकाउंटच्या पब्लिक पोस्ट गूगलच्या शोधात पण येऊ शकतात, त्यामुळे गावाचं नाव, शहराचं नाव कॅप्शनमध्ये असणं आता जास्त उपयोगी आहे. बायोमध्ये थेट व्हॉट्सॲपची लिंक द्या, जिच्यावर बोट ठेवलं की "मला आंबा हवाय, माझं शहर..." असा मेसेज आधीच टाइप झालेला उघडतो. मेसेज टाइप करावा लागला की बरेच लोक तिथेच थांबतात.

जाहिरात करा, पण आधी नाही. पोस्टखालचं बूस्टचं निळं बटण दाबून महाराष्ट्रभर दाखवू नका, पैसे वाया जातील. तुम्ही जिथे खरंच पेटी पोचवू शकता तेवढीच शहरं निवडा, आणि जाहिरातीचा उद्देश मेसेज ठेवा म्हणजे माणूस थेट व्हॉट्सॲपवर येतो. जी रील आपोआप जास्त लोकांनी दुसऱ्याला पाठवलीय तीच जाहिरातीला घ्या. पाडव्याच्या थोडं आधी लहान रकमेने सुरू करा, आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारा की कुठून कळलं, त्याचं लेबल लावा. आठवड्याने बघा की जाहिरातीच्या लेबलमधल्या किती जणांनी पैसे भरले. त्याशिवाय बाकीचे आकडे बघून काही ठरवू नका.

ब्लॉगरचं. त्याचे फॉलोअर कुठल्या शहरातले आहेत याचा स्क्रीनशॉट मागा, इन्साइट्समध्ये दिसतं ते. पुणे-मुंबई-ठाण्याचे नसतील तर पेटी देऊ नका. आणि फुकट पेटी घेऊन केलेली रील ही पण जाहिरातच, तसं स्पष्ट लिहावं लागतं, ॲस्की या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे नियम २०२१ पासून आहेत आणि केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानेही जानेवारी २०२३ मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. "मी असं लिहिणार नाही" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

कातळावरचा_माणूस

मुलगी चांगलं करतेय, कौतुक आहे. माझं वय झालं, मी हे फोनवरचं करत नाही, माझा पुतण्या करतो. पण एक सांगतो, वाशी एकदम सोडू नका. पुतण्याने सगळा माल फोनवर विकायचं मनावर घेतलं होतं, मी म्हटलं थांब. एकदा ऊन तापलं की फळ एकदम तयार होतं, मग चार दिवसांत सगळं झाड उतरवावं लागतं, तेव्हा एवढ्या पेट्या एकेकाच्या घरी कोण पोचवणार? तेव्हा दलालच घेतो आणि रोख घेतो. बारीक आणि डागी फळ शेवटी कॅनिंगला जातं. थेट विकायला काढायचा तो निवडक माल, आणि जेवढा आपल्या घरच्या माणसांना पॅकिंग करून पाठवणं झेपेल तेवढाच. हंगाम संपत आला की भाव पडतो, त्या वेळी आपली ठरलेली घरं असली तर उपयोग होतो, हे मात्र मी पुतण्याकडे बघून मान्य करतो.

आणि नाव वापरताना सांभाळा. २०१८ ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर येतात. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तर तो नंबर पेजवर लिहा. देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर कोड असलेलं स्टिकर पण आणलंय, गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवरून तपासता येतं. तुम्ही देवगडच्याच आहात तर संस्थेत चौकशी करा.

रत्नांग्रीचा_बागायतदार

काकांचं शंभर टक्के बरोबर. मी पण माल वाटूनच पाठवतो.

आणि स्टिकरची रील करा ताई. फळावरून स्टिकर काढताना, मागचा नंबर दाखवताना, व्हॉट्सॲपवर पाठवून उत्तर आलेलं दाखवताना. कोथरूडकर ताईंची जी पहिली भीती आहे तिचं उत्तर तिथेच मिळतं, आणि डोंबिवलीवाले म्हणतात तसं ही पाठवली जाणारी रील आहे.

सावध_राहा

कुणी पैशाचं बोललं नाही म्हणून लिहितो, कारण हंगामात हेच सगळ्यात जास्त होतं.

पेमेंटचा स्क्रीनशॉट आला म्हणून पेटी सोडायची नाही. खोटे स्क्रीनशॉट बनवणं अगदी सोपं झालंय. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली की मगच "पैसे आले" लेबल. कुणी "चुकून जास्त पाठवले, परत करा" म्हणालं तर आधी खातं तपासा. व्हॉट्सॲपला टू स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आजच लावा आणि सहा आकडी कोड कुणालाही, अगदी "व्हॉट्सॲपमधून बोलतोय" म्हणणाऱ्यालाही सांगू नका, तो नंबर गेला तर तुमची सगळी गिऱ्हाइकं गेली. गिऱ्हाइकांची यादी महिन्यातून एकदा वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवून ठेवा, फोन पडला तरी यादी राहते.

दुसरं, तुमचे फोटो उचलून दुसरं कुणी पेज काढतं आणि ॲडव्हान्स घेऊन गायब होतं. प्रत्येक फोटोवर बागेचं नाव आणि नंबर असू दे, मधोमध, कोपऱ्यात नको कारण कोपरा कापता येतो. असं पेज दिसलं तर इन्स्टावर रिपोर्ट करा, आपल्या स्टेटसला आणि पेजवर लगेच टाका की आमचा नंबर हा एकच, आणि फसलेल्या माणसाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा, जितक्या लवकर करेल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

आणि आंबापोळी, मोरंबा, पल्प विकायचा विचार असेल तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेची सरकारी) नोंदणी आधी करा आणि नंबर लेबलवर घाला. ताज्या फळाचं वेगळं आहे, बनवलेल्या पदार्थाचं वेगळं.

देवगडची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. काकांचं वाचून ते खूष झाले कारण तेही हेच म्हणत होते. आम्ही असं ठरवतोय की थोडीच निवडक कलमं थेट विक्रीसाठी बाजूला ठेवायची, बाकी वाशीला. पोस्टमध्ये भाव आणि फळाचं वजन दोन्ही लिहायचं. ब्लॉगरला शहरांचा स्क्रीनशॉट मागितला, अजून उत्तर नाही आलं.

एक शेवटचं विचारते. आमच्याकडे मोहर आता कुठे येतोय. यंदा थंडी उशिरा पडली, मध्ये ढगाळ हवा होती, तुडतुड्याचं, म्हणजे मोहराचा रस शोषणाऱ्या किडीचं, भय आहे, पहिली काढणी कधी होईल बाबांना पण नक्की सांगता येत नाही. अशा वेळी बुकिंग आधीपासून घ्यायचं का? पेजवर काय टाकायचं? लोक आत्ताच विचारायला लागलेत.

रत्नांग्रीचा_बागायतदार

बुकिंग घ्या, पैसे घेऊ नका. फक्त नाव, शहर, किती डझन आणि कधी हवाय एवढं विचारा, लेबल लावा, सांगा की काढणी सुरू झाली की क्रमाने मेसेज येईल, तेव्हा भाव कळवू, परवडला तर घ्या. आगाऊ पैसे घेतले आणि पाऊस पडला तर तुम्ही अडकता आणि घाईघाईत अपुरं तयार झालेलं फळ उतरवायचा मोह होतो.

मोहराचं मात्र जसं आहे तसं टाका. त्याच एका फांदीचा दर आठवड्याला फोटो, आधी मोहर, मग कणी, मग कैरी, आणि खाली दोन ओळी की या आठवड्यात थंडी कशी होती, फवारणी केली की नाही, किती गळलं. गळलं असेल तर गळलं लिहा. हे बघत आलेल्या माणसाला पेटी उशिरा झाली तरी कारण माहीत असतं, आणि डिसेंबर-जानेवारीत बाकीच्या आंबेवाल्यांची पेजेस झोपलेली असतात तेव्हा तुमचं एकटं जागं असतं.

कोथरूडकर

माझं नाव लिहून घ्या, पुणे, दोन डझन मोठं फळ, अक्षय्य तृतीयेच्या आसपास. उशीर झाला तरी चालेल. पेजचं नाव मेसेज करा.